क्लचप्लेट आणि दहावा माणूस

पनवेल,
सोमवार, दुपार

चिरंजीव डॅनी यास,

लीयाताईचे अनेक आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्यांना शालोम. तुझी छाती कशी आहे? टाके दुखतात का अजून? जिना चढतोस का? चढत असशील तर चढू नकोस. आमची खुशाली म्हणशील तर मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून सगळं जागेवर आहे, आणि तू इकडची मुळीच काळजी करू नकोस. (हे पत्र ताल घेऊन येतोय. पाकीट मी डिंकाने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर माझ्यातर्फे त्याचा कान धर, आता पुढे तूच त्याचा मामा आणि तूच त्याची आई.)

डॅनी, काल जे घडलं ते तुला कधी एकदा सांगते असं झालंय. रात्रभर झोप नाही मला. तुला आठवतं, तुझं बायपास झालं तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं की मी एलियाहू हन्नाबीला नवस बोललेय, हा पठ्ठ्या उठून बसला की अलिबागजवळच्या आपल्या खंडाळ्याला जाऊन मलिद्याची प्रार्थना करीन? तू उठून बसलास, भांडायलाही लागलास, आणि माझा नवस मात्र राहिलेलाच. का, तर प्रार्थनेला लागतात ते आपले दहा ज्यू पुरुष जमेनात. आपल्या लग्नांत पंगती उठायच्या तो काळ गेला रे. आता दहा माणसं म्हणजे अलिबाग, रेवदंडा सगळीकडे फोन फिरवा, कुणाची शुगर, कुणाचा मोतीबिंदू, कुणाला सून सोडत नाही. शेवटी जमले आठ, आणि पनवेलचे दोन, आपला ताल आणि आपल्या मामांचा मुलगा जुडाह. बरोब्बर दहा, अकरावा औषधालाही नाही. आणि ताल बुधवारी तुझ्याकडे परदेशी उडणार, कायमचा. म्हणजे काल झालं तर झालं, नाहीतर माझ्या हयातीत हा नवस फिटत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आता गाडीचं ऐक. माझी झेन (हस नकोस, तिचं वय झालंय म्हणून काय झालं, माझंही झालंय) गेला महिनाभर विचित्र वागत होती. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबाबोंब करायचं आणि गाडी आपली निवांत. क्लच पार वर आल्याशिवाय उचलायचीच नाही. शिवाय एक जळका वास यायचा. त्या वासावरून मी खालच्या चंद्रावतीशी दोनदा भांडले, की बाई, सुकट भाजताना खिडकी लाव. तिने बिचारीने पंधरा दिवस सुकट घरात आणली नाही, तरी वास होताच. मग मी शेजारच्या कमरुद्दीनभाईंना बोलावलं. तुला ते आठवत असतील, न्हावा शेव्याला त्यांचे ट्रेलर चालायचे. आता धंदा मुलगा बघतो आणि हे सगळ्या सोसायटीच्या गाड्या बघतात. त्यांनी शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. म्हणाले, यातच क्लचची सगळी कुंडली कळते. इंजिन बंद पडलं नाही, मस्त घुमत राहिलं. त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "बघा लीयाबाय, बंद पडली नाय! क्लच एकदम मजबूत. जबान देतो तुम्हाला." मी तर टाळ्या वाजवल्या. (आज सकाळी गॅरेजवाल्याने सांगितलं की परीक्षा बरोबर होती, फक्त निकाल उलटा वाचला. क्लच चांगला असेल तर इंजिन गचकन बंद पडायला हवं. घुमत राहिलं याचा अर्थ प्लेट संपली. हे ऐकल्यापासून कमरुद्दीनभाई बाहेर पडलेले नाहीत, बिल्कीसभाभी सांगतात की तोंडावर पेपर धरून बसलेत.)

तर जबान दिलेली म्हणून तेही बरोबर आले. पुढे ते, मागे ताल आणि जुडाह, मांडीवर पितळी ताट, पायाशी पोहे, फळं, गुलाब, सब्जा, आणि बिल्कीसभाभींनी पहाटे उठून खवून दिलेलं खोबरं. पेणपर्यंत झेन वाऱ्यासारखी गेली (वारा पडलेला होता, पण गेली). पोयनाड ओलांडलं आणि कार्लेखिंडीचा चढ लागला. मी दाबतेय, इंजिन किंचाळतंय, आणि बाजूने एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मग ती थांबलीच. बॉनेटखालून धूर. तेव्हा मला तो वास ओळखीचा वाटला आणि चंद्रावतीची मनातल्या मनात माफी मागितली. मागे रविवारची अलिबागची गर्दी, हॉर्नवर हॉर्न. ताल म्हणाला, आई, परत फिरू, आणि मला जो राग आला म्हणतोस! परत कुणाकडे फिरू? तिकडे आठ माणसं उन्हात बसलीत आणि हा बुधवारी चाललाय! मी म्हटलं, उतरा सगळे, ढकला.

ताल आणि कमरुद्दीनभाई लागले. जुडाहचे गुडघे माझ्याहून वाईट आणि वजन दोघांचं, म्हणून त्याच्या हातात केळ्यांचा घड दिला आणि मागून सावकाश चालत ये म्हटलं. तरी गाडी हलेना. मग मागच्या एसटीतून कंडक्टर उतरला, त्याच्यामागून निम्मी एसटी उतरली. बायासुद्धा हात लावत होत्या. पहिल्या गिअरमध्ये मी, मागे सगळी रायगड जिल्ह्याची जनता, आणि कंडक्टरने सवयीने गाडीच्या पत्र्यावर दोन टकटक मारल्या. चढली डॅनी, चढली! मी मोठमोठ्याने शेमाची प्रार्थना म्हणत होते. खिंडीच्या माथ्यावर आली आणि पलीकडे उतार. आता थांबवली तर पुन्हा हलणार नाही, म्हणून मी ब्रेकला पाय लावला नाही. ताल आणि कमरुद्दीनभाई धावत येऊन दारातून आत पडले. जुडाह मागेच राहिला, चढाच्या खालच्या वळणावर केळी घेऊन.

खंडाळ्याला सगळे वाटच बघत होते. मी ताट बायकांच्या हवाली केलं आणि चार जणींना घेऊन गाडी सावलीत ढकलायला गेले, एवढ्यात प्रार्थना चालवणारे हझ्झान सुरूही झाले. ते मुंबईचे, वयस्कर, डोळे अधू. आपल्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत, तर त्यांनी रीतीप्रमाणे धर्मग्रंथातला दहा शब्दांचा श्लोक, पासूक, म्हणत एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवला. दहावा शब्द शेवटच्या टोपीवर बरोब्बर पडला. तालला वाटलं, रेवदंड्याचं कुणी जास्तीचं आलं असेल. मी परतले तर काय सुरेख चाललं होतं! मी पदर डोक्यावर घेतला आणि तुझं नाव आलं तेव्हा रडले. निम्मा मलिदा झाला आणि कोंबड्यांच्या टेम्पोतून जुडाह उतरला, हातात चार केळी उरलेली. रेवदंड्याच्या एलिशेवामावशींनी सगळ्या टोप्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, हा आत्ता येतोय तर मघाशी दहावा कोण होता?

सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटी हात बांधून, नमाजाची पांढरी टोपी घालून, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत खणखणीत आमीन म्हणत कमरुद्दीनभाई उभे होते.

त्यांचा चेहरा बघवेना. "माझ्यामुळे तुमच्या भावाचा नवस मोडला का, लीयाबाय?" एवढंच विचारलं. हझ्झान दाढी कुरवाळत म्हणाले की आता जुडाह आलाय, यापुढचं सगळं बरोबर धरू, आधीचं पुन्हा कधीतरी दहा जमवून म्हणावं लागेल, आणि आता आधी या गृहस्थांना पोहे वाढा. पहिला मलिदा कमरुद्दीनभाईंनाच दिला. गाडी टो करून आणली. एकूण दिवस इतका झकास गेला की काय सांगू.

सगळ्यांना माझे आशीर्वाद. तालच्या बॅगेत वरच्या कप्प्यात मलिद्याचे पोहे आहेत, तुझ्यापुरते.

तुझी,
लीयाताई

ता. क. : गॅरेजवाला म्हणतो, नवी प्लेट पडली की गाडी खिंड तिसऱ्या गिअरवर चढेल. शुक्रवारी देतोय.

ता. क. २ : निम्मा नवस राहिलाय. ताल गेला की आमचे नऊच. दहावा मी कुठून आणू? नवस तुझा आहे डॅनी, तूच ये. सामान उचलू नकोस, कमरुद्दीनभाई विमानतळावर येतो म्हणालेत. तिकीट महिन्याभराचं काढ, आठ दिवसांचं नको.

ता. क. ३ : वरचं सगळं हसून लिहिलंय ते ताल घरात आहे तोवरचं. आत्ता तो आतल्या खोलीत बॅग भरतोय आणि शीळ घालतोय. त्याला काही बोलू नकोस, आई मजेत आहे म्हणून सांग. आणि तू लवकर ये रे.