सदूच्या वावरात तिफन कोणी हाकली?

प्रिय गंगामाय,

तुला काय म्हणावं हेच आधी ठरेना. नात्याने तू माझी खापरपणजी. पण हा शब्द मी आपल्या घरात कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही, कारण तू होतीस हेच कोणाला ठाऊक नव्हतं. उद्या आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांची घागर भरायची. आणि परवा धाकट्या बहिणीला, शोभाला, रिसोडला नेऊन वावराच्या हक्कसोडीवर तिची सही घ्यायची, असं मीच ठरवलेलं आहे. म्हणून तुझ्याशी आजच बोलायला हवं.

तुझ्या ओढीने मी शोधायला निघालो होतो, असं खोटं कशाला बोलू? पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद हवी होती. इंग्रजांच्या वेळच्या खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, कागद सहसा कोणी जपून ठेवत नाही. आपल्या रिठदचा एक गठ्ठा कसा राहून गेला देव जाणे. मोडी वाचणाऱ्याकडून तो उतरवून घेतला आणि सदूबाबाचं नाव शोधत बसलो. सदूबाबा म्हणजे माझे पणजोबा, तुझा सदू! आपल्या शेताला गाव अजून ‘सदूचं वावर’ म्हणतं. बाप लहानपणीच गेला, तरी त्यांनी एकट्याने माळ फोडून ते वावर केलं, हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

नाव काही सापडेना. सापडेल कसं? मी फक्त घरधन्यांची नावं वाचत होतो. मधेच एक घर बाईच्या नावावर दिसलं, तेव्हा हे आपलं कसं असेल, म्हणून सरळ पान उलटलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, तेव्हाही उलटलं. शेवटी नाइलाज म्हणून वाचलं. राघोची विधवा गंगी, धंदा शेती. खाली मुलगा सदू, वय चार.

आपल्या वंशावळीत राघोच्या खाली सदू आहे. मधे काही नाही.

आपलं वावर हे एकच, आणि तेव्हाच तुझा धंदा शेती; चार वर्षांच्या पोराने माळ फोडला होता का गं? मग पेरणीला तिफन कोणी हाकली? आमच्याकडे बाईने तिफनीच्या मागे चालत सरत्याच्या नळीत बी सोडायचं. पुढे होऊन बैल हाकले तर लोक आजही नावं ठेवतात. तुला काय काय ऐकावं लागलं असेल! मागे बी सोडायला तरी कोणी होतं का? की सदूला बांधावर बसवून दोन्ही तूच केलंस?

आणि लेकाला हे सांगून का नाही ठेवलंस? रागावू नकोस, पण विचारावंसं वाटतं. की तू सांगितलं होतंस, आणि आम्ही बाप्यांनीच ते वाटेत कुठे टाकून दिलं?

लग्न होईपर्यंत आपल्या वावरात सरत्यावर दरवर्षी शोभा असायची. मी तेव्हा वाशिमला कॉलेजात होतो. सुट्टीत आलो की बांधावरून पीक पाहायचो आणि परत जायचो. तरी वावर माझं, आणि ती परक्याचं धन!

आज दुपारी ती कारंज्याहून एसटीने आली. भांडली नाही. मला वाटतं, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. चहा पिता पिता एवढंच म्हणाली, “दादा, सही केली तं माहेर राह्यते न?”

“असं काहून बोलून राह्यली?” म्हणालो आणि रिकामा कप घेऊन आत गेलो. तिला भीती वाटावी असं वागलो असणार मी, त्याशिवाय ती असं विचारती का?

पोराला म्हटलं, हक्कसोड राहू देऊ. तो म्हणाला, उद्या आत्याच्या पोरांनी तुकडा विकायला काढला तर? त्याचं अगदीच खोटं नाही. मलाही ती भीती आहे, आणि खरं सांगायचं तर हावही आहे. तुझ्यापुढे काय लपवू? पण माय, त्याचा दाखला तुझ्या नोंदीवर निघणार आहे. आम्हाला कामापुरती तू चालतेस, आणि वावराचं नाव निघालं की बाई नको. लाज वाटते गं.

तर उद्याचं सांगतो. घागर भरताना पहिलं नाव तुझं घेईन, सदूबाबाच्याही आधी. पाणी शोभाच ओतेल. परवा रिसोडला जाणार नाही. तिला घेऊन वावरात जाईन आणि कोणता तुकडा तिला हवा ते बांधावर उभं राहून विचारीन.

ती नको म्हणेल, मला माहीत आहे. मी पुन्हा विचारीन.

तुझ्या सदूच्या नातवाचा मुलगा,
विनायक