गिझरच्या पाण्यातल्या मुंग्या

४ डिसेंबर
नवा गिझर बसून आज तिसरा दिवस. ही आंघोळ करून आली आणि म्हणाली, "अहो, नळाला हात लावला की मुंग्या येतात." मी ओल्या हाताने धरून पाहिला. मुंग्या कसल्या — कोपरापर्यंत झिणझिण्या! बटण बंद करूनच आत जायचं, असं बजावलंय. पण ही विसरते.

५ डिसेंबर
दुकानदार म्हणतो, "आजोबा, विकला की आमचा संबंध संपला. कंपनीला फोन करा." केला. एक दाबा, दोन दाबा — दाबता दाबता माझाच जीव दडपला.

८ डिसेंबर
मेकॅनिक आला. नळ धरून उभा. "बघा काका, मला कुठं काय होतंय? वयाने नसा आखडतात." पायात जाड रबरी बूट. म्हटलं, बूट काढून धर. हसला. काढले नाहीत. कागद पुढे केला — "मी येऊन गेल्याची सही." इंग्रजी मला कुठलं वाचता यायला? केली.

९ डिसेंबर
ही आत असली की मी दाराबाहेर स्टूल टाकून बसतो. बटण स्वतः बंद केलेलं असतं, तरी. "आहेस ना?" — "आहे, आहे. इतक्यात सुटका नाही तुमची." पाण्याचा आवाज थांबला की पुन्हा विचारतो.

१३ डिसेंबर
कंपनी म्हणते, तक्रार मिटली. गिझर व्यवस्थित चालतो असं मीच सही करून दिलंय! चौथीच्या पुढे शिकलो असतो तर... हिला सांगितलं नाही.

१६ डिसेंबर
ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "दुकानदाराचा संबंध कसा संपेल? तो आणि कंपनी, दोघांविरुद्ध अर्ज करा. गिझर उतरवा, पण कुणाला देऊ नका. तोच पुरावा." पावती जपली होती, बरं झालं. अर्ज मीच लिहिला, दोनदा खोडून. दुपारी वायरमनकडून गिझर उतरवून पलंगाखाली ठेवला. ही कुरकुरली — "आता गरम पाण्याची पातेली तुम्हीच उचला." उचलीन.

१९ डिसेंबर
दुकानदार स्वतः दारात. बरोबर नवाकोरा गिझर. "काका, जुना द्या, हा घ्या, अर्ज तेवढा मागे घ्या." त्या दिवशीचा आजोबा आज काका झालो. ही म्हणाली, घेऊन टाका. मी नाही म्हटलं. का, ते मलाही धड सांगता येईना. तो जाताना दोनदा म्हणाला, "जुना नीट ठेवलाय ना?"

२० डिसेंबर
कार्यालयातल्या बाईंनी एका माणसाला पाठवलं. आमच्या थोरल्याच्या वयाचा. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याची आई परवा आंघोळ करताना गेली. हाच गिझर, हेच दुकान. म्हणाला, "तिला स्मशानात पोचवून घरी आलो, तोवर दुकानवाल्यांनी आमचा बदलून नेला होता. तुमचा आहे ना अजून?"