कुत्ता गोळीची चिठ्ठी

बापू, तुमच्या दुकानात हल्ली लोक एक गोळी ज्या नावाने मागतात ते तुमच्या काळी नव्हतं, म्हणून आधी त्याचा अर्थ सांगते. कुत्ता गोळी. गोळी जुनीच, तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचून द्यायचात ती, झोपेची. आता पोरं चार-चार एकदम चहाबरोबर घेतात. भीती जाते, माणूस कुणाच्याही अंगावर धावून जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. म्हणून कुत्ता. शहाद्याच्या स्टँडवर हा शब्द इतका रुळलाय की कुणी नुसतं चढ्या आवाजात बोललं तरी रिक्षावाले विचारतात, "कुत्ता खाईसन उना का रे?" आणि हसतात.

मागणाऱ्याला माझं उत्तर एकच: चिठ्ठी. फार्मसी शिकून मी काउंटरवर बसले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंना ओळखीवर हीच गोळी काढून देत होते. तुम्ही हातातून गोळ्यांची पट्टी घेतलीत आणि त्यांच्यादेखत म्हणालात, "वळख शे म्हनीसन इख बी देशी का?" त्या ‘विषा’वरून काकू महिनाभर बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी तुमचा मुलगा दुकानात आला. पन्नाशी उलटलेला, कळसाडीची शेती एकट्याने पाहणारा माझा भाऊ. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"ताई, कुत्ता शे का?"

"चिठ्ठी?"

"मी तुन्हा भाऊ शे. माले कसानी चिठ्ठी?"

"भाऊले बी लागस."

त्याने काचेवर हात टेकले तेव्हा दिसलं, बोटं थरथरत होती. ही गोळी खूप दिवस घेऊन एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, हे मला शिकवलेलं आहे. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. मी शटर ओढलं आणि त्याला रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. झोप लागत नव्हती म्हणून सुरू केली, म्हणाला. अक्कलकुव्याकडे हायवेवर कुणीतरी देतो. डॉक्टर मला म्हणाले, हळूहळूच कमी करावी लागेल, आणि गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. त्यांनी तीच गोळी लिहून दिली.

तर आता चिठ्ठी आहे, आणि तुमच्या मुलाला रोज दुपारी कुत्ता गोळी मी देते. अर्धी तोडून, पाण्याच्या ग्लासासकट. एकदा त्याने ती गालात दाबून ठेवली होती, साठवायला. तेव्हापासून मी म्हणते, "जीभ वर कर."

"तोंड देखीसन बैल इकत ली ऱ्हायनी का, ताई?"

मी हसत नाही. जिभेखाली बघते, दोन्ही गालांत बघते. राग येत नाही, कीवही येत नाही. घसा दाखवायला आलेल्या कुणाही माणसाचं तोंड असावं तसं ते तोंड असतं. डॉक्टर म्हणतात, हे नीट पार पडलं तर पाव गोळीवर येऊ. नीट म्हणजे मी बघितलं तर.

हे तुम्हाला वाचून दाखवायची सोय नाही, आणि फोटोपुढे ठेवायला मला आवडत नाही. लिहून झालं की फाडीन.

आज त्याच्यासोबत त्याची नवी सून होती, बाजाराला आलेली. तिच्यासमोर त्याने आपणहून तोंड उघडलं. मी मान फिरवली आणि "बघितलं" म्हणाले. बघितलं नव्हतं, बापू.