अप्पांच्या पानवेलीसाठी ऊबघर

उदगीर, २८ डिसेंबर

ती. महादेवीअक्कास,

अमरनाथचे शरणु शरणार्थी. तुझे गुडघे कसे आहेत? दीड महिना पत्र नाही, माफ कर. फोन करता आला असता, पण फोनवर माझ्याकडून अतिशयोक्ती होते. कागदावर हात जरा अडखळतो.

अप्पांनी लावलेली पानवेल संक्रांतीनंतर विहिरीबरोबर बुजणार, म्हणून तू तिच्या काड्या बसच्या कंडक्टरजवळ धाडल्यास. सोबत माझ्या तापासाठी गुळवेलीच्याही. (दोन्ही जुड्या बिनपानांच्या आणि तुझ्या चिठ्ठीचा लगदा झालेला, पण फरक मला पाहताक्षणी कळला.) काढा सात दिवस घेतला, ताप उतरला. कडू मात्र मुळीच नव्हता, उलट जिभेला चुरचुरला. डायरीत तशी नोंद आहे.

पानवेलीला थंडी सोसत नाही, म्हणून अंगणात मी ऊबघर बांधलं. सांगाडा दोन जुन्या कूलरचा, भिंती एका पाडलेल्या घराच्या सरकत्या काचांच्या, छत मांडववाल्याने टाकून दिलेल्या प्लास्टिकचं. (भंगारवाल्याने विचारलं, "सर, आता आमच्या पोटावर पाय का?") खाली हातभर खड्ड्यात ताजं शेण आणि उसाचं पाचट दाबलं, ते कुजताना तापतं. कडेने पाण्याने भरलेले, काळे रंगवलेले तेलाचे डबे. ते दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर सोडतात. पहिले आठ दिवस वासामुळे वर्षाराणी माझ्याशी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बोलायची. मग तिच्या लक्षात आलं की थंडीत न फुगणारं इडलीचं पीठ तिथे फुगतं. आता गल्लीतली सहा पातेली आत असतात. माझी हरकत तत्त्वाची होती: दार उघडलं की दोन अंश जातात. "जाऊ द्या की हो दोन अंश, सहा घरच्या इडल्या येऊन राहिल्यात न्हाई का?" ती म्हणाली. इडल्या मीही खातो, म्हणून हरकत मागे घेतली.

आज पहाटे बाहेर नऊ अंश, आत एकोणीस! वेलीला सात पानं आहेत, बदामाच्या आकाराची, हिरवीगार. (पाच लिहिणार होतो, जाऊन पुन्हा मोजली.) 'अमऱ्याच्या हातून गवतसुद्धा उगवायचं न्हाई,' असं अप्पा म्हणायचे, तुला आठवतं ना? अक्का, मला अभिमान वाटतो आहे. तो वाटावा की नाही, यावर दोन दिवस विचार केला. वाटावा असं ठरलं.

तुझा,
अमरनाथ

ता. क. (संध्याकाळी) : वेल दाखवायला चौकातल्या पानपट्टीवाल्या बसलिंगप्पांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी एक पान चावलं आणि थुंकले. "सर, ही तर गुळवेल हाय! दगडावर टाकली तरी मरत न्हाई, अन् तुमी तिला महिनाभर शेकून राहिलात?" म्हणजे सात दिवस मी काय उकळून प्यालो, ते तुला कळलंच असेल. वरचा मजकूर खोडलेला नाही. लिहिला तेव्हा तो मला खराच वाटत होता. अंशांचे आकडे अजूनही खरे आहेत.

आणखी एक : विहीर बुजायच्या आत अप्पांच्या वेलीच्या चार काड्या पुन्हा धाड. या खेपेला पानांसकट. घर तयार आहे, गरम आहे. एक-दोन पातेली सरकवतो.

उद्याचं काम : तुझ्याकडे येणाऱ्या सकाळच्या जळकोट गाडीच्या कंडक्टरजवळ काड्या गुंडाळायला ओलं गोणपाट देणे.