त्रागा म्हणे!

बुधवार, ३ मे २००६
आज सकाळी मी पोह्यांची ताटली शांतपणे बाजूला सारली. शांतपणेच. ती खाली पडली, ते टेबल गुळगुळीत म्हणून. विषय एवढाच, की आमच्या ऊर्मीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीत नोकरी लागली आणि ती आवडी उपनगरातलं हे घर सोडून तिथल्या होस्टेलवर राहणार म्हणते. रविवारपासून. मी सांगितलं, पोरगी विचार बदलेपर्यंत घरात अन्न घेणार नाही. विद्युलता म्हणाली, अहो, उगाच त्रागा नका करू.
हा शब्द मला? गावच्या शाळेत गुरुजींनी छड्या मारल्या, तेव्हाही मी रागावलो नाही. शिवाय रोजचा जप आहे.

गुरुवार, ४ मे
शब्दाचा छडा लावला. शेजारचे राघोत्तमराव तंजावरचे मराठी, त्यांच्याकडे जुने शब्द सापडतात. म्हणाले, पूर्वी भाट लोकांचं म्हणणं मानलं नाही, की ते तुमच्या दारात बसून स्वतःवरच सुरी चालवायचे. पाप तुमच्या माथी. तो त्रागा. मग म्हणाले, घरी काय झालं, राव?
विद्युलताला अर्थ सांगितला. विचारलं, माझ्या हातात सुरी आहे का? म्हणाली, सुरी नाही, पण पंखा का बंद केलाय? मे महिन्यात?
साधना तिला कळत नाही.

शुक्रवार, ५ मे
उपास कडक. कामावरच्या कॅन्टीनची इडली मोजायची नाही. मी 'घरात' म्हणालो होतो.
ऊर्मी म्हणाली, बाबा, बॅगेची चेन लागत नाही, बघता का? बॅगेशी माझं भांडण नाही. लावून दिली.

रविवार, ७ मे
गेली. पाया पडली तेव्हा मी जपात होतो. डोळे उघडले तर रिक्षा वळलेली. आता कळेल तिला.
फोन उचलून पाहिला. चालू आहे.

शनिवार, १३ मे
तिला परत आणायचंच, असं ठरवून सिरुसेरीला गेलो. लोकल, मग बस, मग आणखी बस. होस्टेलच्या दारातच बसलो. राघोत्तमरावांच्या गोष्टीशी याचा संबंध नाही. वॉचमनने तमिळ ढंगात सरांना म्हणतात तसं 'सार' म्हणत खुर्ची दिली.
ऊर्मी धावत आली. आई बरी आहे ना? काय बोलायचं ते माझं सगळं पाठ होतं. तोंडून निघालं, तुझी लोणच्याची बरणी राहिली होती.
ती हसली, मग डोळे पुसले. मेसमधून दहीभात आणला. होस्टेल म्हणजे घर नव्हे, त्यामुळे खाल्ला. मग तिने बंगनपल्ली आंबा आणि सुरी माझ्या हातात दिली.
कापताना बोटाला लागलं. पोर घाबरली. तुझा काही दोष नाही, असं लगेच सांगितलं. राहा इथेच, हेही सांगून टाकलं.