पुलीवरचं नारळपाणी

आप्पा, तुमच्या जीपमुळे माझ्या हातांना अजून डिझेलचा वास येतो, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची हे घटनेत लिहिलेलं नाही. साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं. काल नाशकात एका सत्काराला प्रमुख पाहुणी म्हणून बसले होते, तर शेजारचे अध्यक्ष सारखे खिडकीकडे बघत होते. त्यांना वाटलं, सभागृहाचा जनरेटर गळतोय. जिचं पोट दुसऱ्यांना टोचून लिहिण्यावर चालतं, तिला नखांतल्या काळ्या रेघेनं असं गप्प बसवावं, हे बापाला शोभत नाही.

झालं असं, की दसऱ्यासाठी दिंडोरीला घरी गेले, तर धाकट्यानं शेडमधली जीप भंगारात काढायची ठरवलेली. सुरू व्हायची, ठसकायची, बंद पडायची. इंजिनातली टायमिंगची साखळी ढिली होऊन दात सरकलाय, हे निदान झालं होतं. नवी साखळीही आणून ठेवली होती. पण साखळीपर्यंत जायचं तर इंजिनाचं पुढचं झाकण काढायला हवं, आणि झाकणाच्या पुढ्यात क्रँकची पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसवलेलं चाक. ती काही हलेना. मिस्त्री हात झटकून गेला. "दसऱ्याच्या पूजेला स्वतःच्या चाकांवर दारात आली तर राहू दे," धाकटा म्हणाला, "नायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. द्राक्षाची छाटणी चालू हाय, ट्रॅक्टर काय माझ्या डोक्यावर उभा करू?" आई उठली, आणि तुमच्या शेजारच्या सीटवरची धूळ पदरानं पुसून आली. त्या सीटवर बसून ती बाजाराला गेली, माहेरी गेली, दवाखान्यात गेली. घरात सासू, म्हणजे तुमची आई, असायची. नवऱ्याशी मनातलं बोलायला तिला जगात तेवढीच जागा होती. मग मी बाह्या सारल्या.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पाट मांडला, झेंडूची माळ ओवली आणि हत्यारांची वाट बघत बसली. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हणजे एकदा पाट भरला की जीप संपली. पुलीचा मोठा बोल्ट सुटला, तेवढ्यावरच मला विजयी वाटलं. पुली मात्र दांड्याला जन्माची चिकटलेली. डिझेल सोडलं, शेगडीनं शेकवली, पुली ओढून काढायच्या पुलरचे तिन्ही पाय अडकवून मधला स्क्रू आवळला. काही नाही. धाकट्यानं घण उचलला. मी ओरडले, "कडेला मारू नको! ओतीव बीड आहे ते, ठिसूळ; कपचा उडाला तर दुसरी पुली कुठून आणशील?" तो म्हणाला, "मग तुझ्या लेखणीनं निघत असंल तर बघ, ताई." "तोंडानं निघायची असती तर तू बालवाडीतच काढली असतीस," मी म्हणाले. आई पाटाजवळून म्हणाली, "भांडा. तुमच्या बापानं दर साली तिला नारळाचं पाणी पाजलंय. ती कशाला सुटती?"

आप्पा, तेव्हा कुठे मला कळलं. लोक गाडीच्या चाकाला नारळ फोडतात. तुम्ही बॉनेट उघडून, जिथे हँडल लावून इंजिन फिरवायचात, नेमकं तिथे हळदकुंकू वाहायचात आणि सगळं पाणी त्या पुलीवर ओतायचात. गाडीचा जीव तिथं असतो म्हणे. वर्षानुवर्षं तुम्ही गाडीच्या जिवाला भक्तिभावानं गंज चढवत होतात.

मला हसू आलं, आणि हसता हसता मी कॉलेजातल्या सुट्टीत जाऊन पोचले. तुम्ही जीपखाली आडवे आहात. मी एका नटावर सगळा भार टाकून लटकलेय आणि त्याचे कोपरे झिजवून ठेवलेत. तुम्ही खालूनच म्हणता, "नट काय तुझा सासरा हाय, त्याच्यावर एवढा राग काढती? ताण दे आन् सोड. त्याला बी जरा विचार करू दे." त्यावर मी खूप बोलले होते, तुम्ही नुसता हात बाहेर काढून पाना मागितला होता.

मी स्क्रूला आणखी थोडा ताण दिला, त्याच्या डोक्यावर हातोडीनं एकच टोला घातला, आणि म्हटलं, चहा घेऊ. धाकट्याला वाटलं, मी हरले. आम्ही बशीतून चहा पीत होतो तेव्हा शेडमधून असा टणत्कार आला, की आईच्या हातातली बशी कलंडली. पुली सुटून पुलरला लोंबत होती. तिच्या पोटात लाल थर होता, मध्ये मध्ये पिवळा. कुंकू कुठे संपतं आणि गंज कुठे सुरू होतो, मला सांगता येईना. आईनं त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ पुसलं नाही.

पुढचं सोपं होतं. साखळी बदलली, साखळीच्या दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या, दांडा घासून, ग्रीस लावून पुली परत बसवली. दिवेलागणीच्या आत जीप न ठसकता दारात आली. धाकटा चालवत होता आणि आई तिच्या सीटवर होती. उतरायला तिनं जरा वेळ लावला. कुणी घाई केली नाही.

"नारळ चाकाला फोड गं, ताई," धाकट्यानं बजावलं. चाकालाच फोडला. पण ज्या वर्षी तुम्ही नवरात्रात गेलात, त्या दसऱ्याला घरात सुतक होतं. जीपचा त्या वर्षीचा नारळ राहिलाच होता. आई आणि धाकटा सोनं वाटायला आत गेली तेव्हा पिशवीतला दुसरा नारळ काढला आणि तो फेडून टाकला.

संपादकांनी लेख मागितलाय, पण हे त्यांना द्यायचं नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. तेव्हा एवढंच कबूल करते. त्या दुसऱ्या नारळाचं पाणी मी बॉनेट उघडून पुलीवर ओतलं. सगळं.