जाळ्यांच्या खोलीतल्या सात जणी

अर्धी गोष्ट सांगून मेलात, आत्याबाय, आणि उरलेली अर्धी निस्तरायला मला मागे ठेवलंत. तुम्ही गेल्यालाही आता चाळीस वर्षं होत आली, तरी तुमची ती अर्धी गोष्ट माझ्या घरात रोज जेवायला बसते. माझ्या मुलाला, तुमच्या नातवाला, मांडीवर घेऊन तुम्ही सांगायचात, तुझ्या आयशीने आपल्या घराची धर्मशाळा केली होती, सात बिननवऱ्याच्या बायका आणून बसवल्या होत्या, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. आता तो नातू पन्नाशीचा झाला आणि त्याची पोर बोईसरच्या औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला आहे. ती आणि तिच्या आठ मैत्रिणी स्वतःच्या पगारावर इटली नावाच्या देशात फिरायला निघाल्यात. तिथली हॉटेलं त्यांना परवडत नाहीत, डोक्यामागे पैसे मागतात. म्हणून त्यांनी समुद्रावरचं एक कोळीवाड्यासारखं गाव शोधलं, तिथे एक म्हातारी आपलं अख्खं घर स्वस्तात देते. तर हा तुमचा नातू म्हणतो, परक्या गावात नऊ पोरी मिळून एक घर घेणार? माझी आजी काय म्हणायची, माहितेय का? झालं. मेलेलं माणूस मधे आणलं की जिवंत माणसाने काय बोलायचं? म्हणून मी तुमच्याशीच बोलते. नमस्कार शेवटी करीन, जमला तर.

तो दिवस तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवून देते. वीजघराचं काम नुकतं सुरू झालं होतं, आणि माणसं नुसती येत होती, कुठून कुठून, कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. मला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी चुलीपाशी आहे, तुम्ही ओट्यावर पाय पसरून बसला आहात, आणि पुढच्या अंगणात जवळा वाळत घातला आहे. सात पोरी आल्या. पांढरी पातळं, पत्र्याच्या ट्रंका, सात जणींत मिळून एक छत्री. कामावरच्या दवाखान्यात नर्सा म्हणून आलेल्या केरळच्या पोरी, राहायची सोय अजून बांधून व्हायची होती. बोईसरला घरवाले डोक्यामागे भाडं मागत होते, पाम गावात एका घराने सात बायका म्हटल्यावर दारच लावलं, म्हणून चालत चालत आपल्या दांडी गावापर्यंत आल्या होत्या. मोठी होती ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, कमरा है?"

"किती जणी गो?" तुम्ही विचारलंत. तिने बोटं दाखवली. "नि नवरे?" तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग खोली काय शोधता? आधी नवरे शोधा, खोली ते शोधतील."

शेजारच्या ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. पोरींना शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. त्या वळल्या. पण वळताना मी काय पाहिलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. शहरातले कारकून यायचे ते जवळा बुटांनी तुडवत थेट दारात यायचे. या सातही जणी पातळ वर धरून कडेकडेने गेल्या, आणि सर्वांत लहान होती तिने जाता जाता कावळा हाकलला. जवळा आपल्याच घरचा असल्यासारखा हाकलला. समुद्राच्या माणसाची पोर आहे हे मला तेवढ्यावर कळलं. मी हातातली पळी घेऊनच बाहेर आले आणि म्हटलं, "आत्याबाय, जाळ्यांची खोली रिकामी हाय."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू चूलच बोलली. पण खोटं नव्हतं ते. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की जाळी, दोर, शीड सगळं बाहेर पडतं, आणि होड्या परत वर ओढेपर्यंत ती खोली उंदरांना आंदण दिलेली असते. मी म्हटलं, खोलीचं काय असेल ते भाडं घ्या, डोकी मोजू नका, सात निजल्या काय नि दोन निजल्या काय, भिंती झिजत नाहीत. तुम्ही "हं" म्हणालात. ते हो नव्हतं, मी हो धरलं.

मग गाव बोललं, बोलणारच. त्या रात्रपाळीला जात, दिवसा झोपत, खोबरं घालून मासळीचं लाल कालवण करत, आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना म्हणत. जमातीतले दोन कर्ते पुरुष आपल्या ओट्यावर येऊन बसले आणि तुम्हाला म्हणाले, "सुनेला आवर गो, बिऱ्हाड ठेवायची काय ही रीत हाय?" तुम्ही त्यांना काय म्हणालात? मी दाराआड होते, शब्द न् शब्द ऐकला. "माझ्या सुनेला मी आवरीन. तुमी तुमच्या आवरा, बाजारात वजनाला काय करतात ते मला ठाव हाय." दोघे चहा न पिता उठले. मग तुम्ही आत येऊन मला दोन घटका फाडून खाल्लंत, ते वेगळं. पण हे नातवाला का नाही सांगितलंत?

आणि हाताचं? पावसाळा तोंडावर आला, होडी वर ओढली, आणि झाडाच्या सालीच्या पाण्यात रंगवलेली ती जडशीळ जाळी अंगणात येऊन पडली. तुम्ही शेवटची मासळी निवडत बसला होतात आणि तोंडाचा पट्टा चालू होता, संध्याकाळपर्यंत पोरी बाहेर, जाळी आत. मी म्हटलं, भर पावसात त्या कुठे जातील? तुम्ही म्हणालात, "जाळी का पोरी, ते बोल." मी म्हटलं, "दोन्ही. जाळी माझ्या खोलीत टाका." तुमचा मुलगा, माझा नवरा, आजवर कशात पडला नव्हता, तो तेवढा ओरडला, "नि आपण कुठं निजायचं?" मी म्हटलं, "मासळीला रोज घालता ना जाळ्यात? तीन महिने स्वतः राहून बघा." तो हसला, आणि तुम्ही रागाने टोपलीत हात घातलात तो थेट शिंगाळा माशाच्या विषारी काट्यावर.

काटा तळव्यात गेला, हात कोपरापर्यंत सुजला. तुमच्यासारखी बाई, जिने कधी आई गं म्हटलं नाही, ती जमिनीवर लोळली. ती कावळा हाकलणारी लहान पोर धावत आली, चुलीवरचं कढत पाणी सोसवेल एवढं निववलं आणि तुमचा हात त्यात धरून बसली. तुम्ही तिला कोकणातल्या सगळ्या शिव्या दिल्यात. ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत हात दाबून धरत राहिली, पाणी निवलं की मी नवीन ओतत राहिले, आणि हळूहळू तुमचं ओरडणं कण्हण्यावर आलं. मग तिने काटा काढला. सकाळी तुम्ही काय म्हणालात? "पाणी तापवायला नर्स कशाला लागते?" पण पोरींना बाहेर काढायचं नाव पुन्हा घेतलं नाहीत. तीन महिने आम्ही दोघं जाळ्यांच्या वासात निजलो. पोरी त्यांची घरं बांधून होईपर्यंत राहिल्या, आणि जाताना तुमच्या पाया पडल्या. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत.

ही सगळी गोष्ट आहे. तिच्यातली धर्मशाळा तेवढी उचलून तुम्ही पोराच्या डोक्यात घातलीत, बाकीची मासळीच्या पाण्यासारखी ओतून दिलीत. मला त्या वेळी चूक वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही. उद्या सात जणी दारात आल्या तर मी हेच करीन. नातीने मला फोनवर त्या गावाचा फोटो दाखवला, दारात जाळी वाळत आहेत आणि ती म्हातारी खुर्चीवर बसून मासे साफ करते आहे. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, हिलाही कुणीतरी बोललं असेल. बोलू दे. नातीला मी सांगितलं, पैसे भर, घर धर.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी टाकलं नसतं, तुम्ही वाचून "हं" म्हणाला असता. कबूल करायचं तर एवढंच, त्या तुमच्या एका "हं"ला गाव गप्प बसायचं, आणि माझ्या शंभर शब्दांना घरातलं मांजर उठत नाही. तुमचं ते "हं" मला हवं होतं. पण या वेळी मधे पडू नका. उद्या सकाळी चहाच्या वेळी मी हे तुमच्या नातवासमोर मोठ्याने वाचणार आहे. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, मीही देणार नाही. त्याने द्यायचं, आजीचं नाव न घेता, स्वतःच्या तोंडाने, आणि पोरीच्या डोळ्यांत बघून.